जकात नाका चुकवणारं रक्त

पिल्लू चार-पाच महिन्यांचं असतं. भावंडांपेक्षा लहानखुरं, हाडापेरानं बारीक. सकाळी खेळतं, दारातल्या चपला पळवतं, कुणी आलं की शेपटी हलवतं. पण पोटभर खाल्लं, त्यातही खिमा किंवा मटणाचे तुकडे मिळाले, की तास-दोन तासांनी त्याची तऱ्हा बदलते. नजर कुठेतरी लागून राहते. खोलीत एकाच अंगाला गोल गोल फिरतं. कधी कोपऱ्यात जाऊन भिंतीला डोकं टेकवतं आणि भिंत ढकलत असल्यासारखं तसंच उभं राहतं. हाक मारली तर ओळख देत नाही. काही तासांनी सगळं निवळतं आणि चपला पुन्हा गायब होऊ लागतात. घरची माणसं म्हणतात, जेवण अंगावर आलं असेल. शेजारी म्हणतात, नजर लागली. एखादा जाणकार सांगतो, पिल्लू जन्मतःच मंद आहे.

‘जन्मतः’ एवढं त्यातलं बरोबर असतं. दुखणं दिसतं डोक्यात, मूळ मात्र पोटातल्या एका शिरेत असतं. ती शीर सोनोग्राफीच्या किंवा सीटी स्कॅनच्या पडद्यावर दिसेपर्यंत अशी पिल्लं हट्टी, आळशी, खाण्याची नाटकं करणारी म्हणूनच वाढत असतात.

नाका आणि चोरवाट

जठर, आतडी, स्वादुपिंड आणि प्लीहा यांच्यातून निघालेलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. त्या सगळ्या शिरा मिळून एक मोठी शीर होते आणि ती यकृतात शिरते. शाळेच्या पुस्तकात तिला यकृत निवाहिका शीर म्हणतात, डॉक्टर पोर्टल व्हेन म्हणतात. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त याच वाटेनं येतं. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असे आणि बाहेरून आलेल्या प्रत्येक मालाची तिथे तपासणी होई, तसं हे काम आहे. अन्नातून आलेलं काय साठवायचं, काय बदलायचं आणि काय निकामी करायचं, हे यकृत ठरवतं. त्यानंतरच ते रक्त महाशिरेतून हृदयाकडे आणि मग अंगभर जातं.

या मालात धोकादायक असा एक जिन्नस असतो, तो म्हणजे अमोनिया. प्रथिनं पचताना आणि आतड्यातल्या जिवाणूंच्या उद्योगातून तो तयार होत राहतो. यकृत त्याचं युरियात रूपांतर करतं आणि मूत्रपिंडं तो युरिया लघवीतून बाहेर टाकतात. अमोनिया तसाच मेंदूपर्यंत पोचला तर प्राणी गुंगतो, भरकटतो, कधी झटके येऊन पडतो.

काही कुत्र्यांमध्ये पोर्टल व्हेनपासून महाशिरेपर्यंत एक आडवाट जन्मापासूनच असते. रक्ताला यकृताच्या बारीक वाहिन्यांमधून वाट काढण्यापेक्षा ही मोकळी आडवाट सोपी पडते आणि बराचसा माल नाका चुकवून शहरात शिरतो. या आडवाटेला पोर्टोसिस्टेमिक शंट म्हणतात. रोजच्या बोलण्यात नुसतं ‘लिव्हर शंट’.

एकदा हे समजलं की पिल्लाच्या सगळ्या तक्रारी एका माळेत येतात. प्रथिनांचं जेवण झालं की अमोनिया वाढतो, म्हणून जेवणानंतरची गुंगी. आतड्याकडून येणारं पोषक रक्त यकृताला मिळत नाही, म्हणून ते खुरटतं आणि त्याच्यासोबत पिल्लूही. भुलीची काही औषधं मोडण्याचं काम यकृताचंच, म्हणून नसबंदीच्या साध्या ऑपरेशननंतर असं कुत्रं तासन्‌तास शुद्धीवर येत नाही. पुष्कळदा पहिली शंका तिथेच येते. काहींच्या बाबतीत तक्रार भलत्याच दारानं येते. वारंवार थेंब थेंब लघवी होते, लघवीत रक्त दिसतं आणि तपासल्यावर मुतखडे निघतात. यकृतानं न हाताळलेलं यूरिक आम्ल आणि अमोनिया मूत्राशयात एकत्र येऊन हे खडे बनतात. त्यांची गंमत अशी की साध्या एक्स-रेत ते बहुधा दिसतच नाहीत, सोनोग्राफीत मात्र सापडतात.

एकचे कुत्रे आणि पाव्हलॉव

कुत्र्यांच्या या जन्मजात दोषाकडे पशुवैद्यांचं लक्ष जाण्याच्या कितीतरी आधी शास्त्रज्ञांनी तोच दोष निरोगी कुत्र्यांमध्ये मुद्दाम घडवला होता. सेंट पीटर्सबर्गमध्ये 1877 साली निकोलाय एक या रशियन डॉक्टरनं आठ कुत्र्यांवर ऑपरेशन केलं. पोर्टल व्हेन महाशिरेला जोडायची आणि यकृताकडे जाणारं तिचं टोक बांधून टाकायचं, असं ते ऑपरेशन. सात कुत्रे लवकरच मेले. आठवा अडीच महिने जगला आणि मग प्रयोगशाळेतून पळून गेला. तेवढ्या आधारावर एकनं निष्कर्ष काढला की पोर्टल व्हेनचं रक्त यकृत टाळून नेलं तरी प्राण्याला धोका नाही.

पळून गेलेल्या साक्षीदारावर उभा असलेला हा निष्कर्ष पुढं टिकला नाही. त्याच शहरात इव्हान पाव्हलॉव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ऑपरेशन अधिक सफाईनं केलं, कुत्रे जगवले आणि त्यांच्यावर नजर ठेवली. 1893 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात आज आपल्या पिल्लात दिसणारं चित्रच आहे. शांत स्वभावाचे कुत्रे हट्टी आणि चिडखोर झाले. मांस खाल्ल्यावर ते झोकांड्या खाऊ लागले, काहींना दिसेनासं झालं, काही झटके येऊन बेशुद्ध पडले. घंटा आणि लाळेच्या गोष्टीमुळे आपल्याला ठाऊक असलेले पाव्हलॉव ते हेच. 1904 साली त्यांना नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. यकृत टाळून गेलेलं रक्त मेंदूला झोंबतं, हे माणसाच्या वैद्यकालाही त्या कुत्र्यांनीच शिकवलं.

रस्ता जुना, मुदत संपलेली

ही आडवाट येते कुठून? याचं उत्तर जन्माच्या आधीच्या दिवसांत आहे.

गर्भात असताना पिल्लू खात नाही आणि श्वासही घेत नाही. अन्न आणि प्राणवायू वारेतून, नाळेच्या शिरेतून येतात. आईच्या शरीरानं निवडून-शुद्ध करून दिलेल्या त्या रक्ताला पिल्लाच्या यकृतात अडवून ठेवण्याचं फारसं कारण नसतं. म्हणून यकृतातून सरळ महाशिरेकडे नेणारी एक खास वाहिनी गर्भात असते, तिचं नाव डक्टस व्हिनोसस. जन्म झाला, नाळ तुटली की ती आकसते आणि पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात बंद होते. पिल्लू दूध पिऊ लागलेलं असतं, त्यामुळे आता नाका चालू व्हायलाच हवा.

काही पिल्लांत ती वाहिनी बंद होत नाही. आयरिश वुल्फहाउंडसारख्या, लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रिव्हरसारख्या मोठ्या जातींमध्ये यकृताच्या आत सापडणारे शंट बरेचदा या प्रकारचे असतात. वुल्फहाउंडमध्ये तो आनुवंशिक आहे, म्हणून युरोपात या जातीच्या पिल्लांचं रक्त विक्रीआधीच तपासण्याची पद्धत काही ठिकाणी रुजली आहे. यॉर्कशायर टेरियर, माल्टीज, शिह त्झू, पग, मिनिएचर श्नॉझर या लहान चणीच्या कुत्र्यांमध्ये शंट बहुधा यकृताच्या बाहेर असतो. त्याची कथा वेगळी आहे. गर्भात शिरांची दोन जाळी शेजारी शेजारी तयार होत असतात, एक पचनसंस्थेची आणि दुसरी उरलेल्या शरीराची. दोघींचा संबंध एकमेकींशी यकृतातूनच यावा असं ठरलेलं असताना कुठेतरी एक जोड चुकून राहतो. असा जोड गावठी कुत्र्यातही सापडू शकतो. पण फ्लॅटमध्ये मावतात म्हणून पुण्या-मुंबईत आवडीनं पाळल्या जाणाऱ्या काही जाती नेमक्या याच यादीत आहेत, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

पडद्यावरचा माग

रक्ताच्या तपासणीत संशय बळावतो. यकृत युरिया पुरेसा बनवत नसल्यानं रक्तातला युरिया कमी भरतो. अल्ब्युमिन कमी, तांबड्या पेशी आकारानं लहान. मग उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी असं दोनदा रक्त घेऊन त्यातली पित्ताम्लं मोजतात. पित्ताम्लं पित्तातून आतड्यात येतात आणि पोर्टल व्हेनमधून यकृताकडे परततात. निरोगी यकृत त्यांना वाटेतच टिपून घेतं. ती रक्तात भरमसाट फिरताना सापडली तर नाका चुकतो आहे एवढं कळतं. कुठे चुकतो आहे, हे मात्र रक्ताची नळी सांगू शकत नाही. त्यासाठी आत पाहावं लागतं.

साध्या एक्स-रेत यकृत लहान दिसतं, कधी मूत्रपिंडं मोठी दिसतात. शिरा दिसत नाहीत, कारण रक्त आणि भोवतालचं मांस एक्स-किरणांना जवळजवळ सारखंच अडवतात.

सोनोग्राफी पुढची पायरी गाठते. पोटावरचे केस काढून, जेल लावून डॉक्टर यंत्र फिरवतात. डॉप्लरच्या सोयीमुळे रक्त कुठल्या दिशेनं आणि किती वेगानं वाहतं ते रंगांत दिसतं. जवळ येणाऱ्या आणि दूर जाणाऱ्या लहरींच्या कंपनात फरक पडतो हे ख्रिस्तियान डॉप्लर यांनी 1842 साली मांडलं, ते ताऱ्यांच्या प्रकाशाबद्दल. आज त्याच नियमानं पिल्लाच्या पोटातली शीर वाचली जाते. महाशिरेत एका ठिकाणी रक्त अचानक घुसळलेलं दिसलं, तर तिथे कुठून तरी ओढा येऊन मिळतो आहे. पोर्टल व्हेनची जाडी शेजारच्या महाधमनीशी ताडून पाहतात. हे प्रमाण 0.65 किंवा त्याहून कमी भरलं तर यकृताबाहेरच्या शंटचा संशय बळकट होतो, कारण पाणी दुसरीकडे वळलं की मूळ पाट बारीक होतो. या तपासणीला सहसा भूल लागत नाही. पण आतड्यातली हवा आड येते, पिल्लू चुळबुळ करतं आणि सगळी मदार बघणाऱ्याच्या हातावर आणि डोळ्यावर राहते.

आणखी एक पद्धत आहे, सिंटिग्राफी. टेक्निशियम-99एम हे सहा तासांचं अर्धायुष्य असलेलं किरणोत्सारी द्रव्य थोड्या प्रमाणात गुदद्वारातून देतात आणि कॅमेऱ्यानं त्याचा प्रवास पाहतात. निरोगी कुत्र्यात आधी यकृत उजळतं आणि काही सेकंदांनी हृदय. शंट असेल तर हृदय यकृताच्या बरोबरीनं किंवा आधीच उजळतं. चोरी होते हे पक्कं कळतं, वाटेचा नकाशा मात्र हाती येत नाही.

तो नकाशा देतो सीटी अँजिओ. सीटी स्कॅननं माणसाची पहिली तपासणी झाली ती 1971 साली लंडनमध्ये, गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर. 1979 साली त्यांना अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं. कुत्र्याला भूल देऊन यंत्राच्या पाटावर ठेवतात आणि पुढच्या पायाच्या शिरेतून आयोडीन असलेलं कॉन्ट्रास्ट पंपानं झपाट्यानं सोडतात. आयोडीन एक्स-किरण चांगलं अडवतं, त्यामुळे ते जिथे पोचेल ती वाहिनी चित्रात पांढरी होते. खरी कसोटी वेळेची असते. कॉन्ट्रास्ट आधी हृदयात, मग फुप्फुसांत, पुन्हा हृदयात, तिथून महाधमनीत आणि आतड्याच्या धमन्यांत जातं. त्यानंतरच ते आतड्याच्या भिंतीतून गोळा होऊन पोर्टल व्हेनमध्ये उतरतं. फार लवकर चित्र घेतलं तर धमन्या चमकतात आणि पोर्टल व्हेन काळीच राहते, फार उशीर झाला तर सगळंच सारखं फिकट दिसतं. म्हणून एकाच कुत्र्याचे पाठोपाठ दोन-तीन फेरे घेतात, आणि पोट हलू नये म्हणून काही सेकंद श्वासही थांबवतात.

मग संगणक त्या पातळ कापांची रास रचतो आणि पडद्यावर शिरांचं झाड उभं राहतं. ते फिरवून मागून, खालून पाहता येतं. प्लीहेकडून येणारी एक जाड, वाकडी फांदी थेट महाशिरेत शिरलेली दिसते. तिच्या पलीकडे यकृताकडे जाणारी खरी पोर्टल व्हेन दोरीसारखी बारीक राहिलेली असते. सर्जनला पोट उघडण्याआधीच आपला हात कुठे जायला हवा ते कळतं.

हा नकाशा आणखी एका घोटाळ्यातून वाचवतो. यकृताच्या जुनाट आजारात पोर्टल व्हेनमधला दाब वाढतो, तेव्हा शरीर आपणहून बारीक, नागमोडी आडवाटा उघडतं. त्या एकदोन नसतात, जाळंच असतं. त्या दाब कमी करणाऱ्या झडपा आहेत, त्या बांधल्या तर कुत्रं मरेल. जन्मजात शंट बंद करायचा असतो आणि नंतर उमटलेल्याला हात लावायचा नसतो. रक्ताच्या तपासणीत दोन्ही सारखेच दिसू शकतात, त्यांच्यातला फरक डोळ्यांनी पाहावा लागतो.

हळू बंद होणारं दार

आडवाट सापडली तर लगेच बांधून का टाकत नाहीत? काही कुत्र्यांत तसं जमतं. बहुतेकांत यकृतातल्या वाहिन्या इतकी वर्षं किंवा महिने रिकाम्या राहून अरुंद झालेल्या असतात. सगळं रक्त एकदम तिकडे वळवलं तर ते तुंबतं, आतडी काळीनिळी पडतात, पोटात पाणी भरतं आणि जिवावर बेततं. म्हणून दार सावकाश लावतात.

त्यासाठीचं एक साधन मोठं मजेदार आहे. अमेरॉइड कन्स्ट्रिक्टर ही पोलादी वेष्टनातली एक छोटी कडी असते. कडीचा आतला भाग असतो केसीनचा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या दुधातल्या प्रथिनाचा. शंटभोवती ती बसवली की केसीन शरीरातला ओलावा शोषून फुगतं. बाहेर पोलाद असल्यानं त्याला आतल्या बाजूलाच फुगावं लागतं. भोवती व्रणाची ऊतीही वाढते आणि काही आठवड्यांत वाट बंद होते. दुसरी युक्ती सेलोफेनच्या पट्टीची. ती भोवती गुंडाळली की शरीर तिला परकी समजून व्रण तयार करतं आणि तो व्रणच शीर आवळतो. यकृताच्या आतल्या शंटपर्यंत सुरी पोचवणं अवघड, तेव्हा मानेच्या शिरेतून बारीक नळी आत नेतात. महाशिरेत जाळीचा स्टेंट बसवून शंटच्या तोंडाशी धातूच्या गुंडाळ्या सोडतात.

ऑपरेशनआधी आणि ते शक्य नसेल तर कायमचं, औषधांवर भागवतात. माणसाला बद्धकोष्ठावर देतात ते लॅक्टुलोज सिरप इथे अमोनिया आतड्यातच अडकवून ठेवतं. सोबत डॉक्टर ठरवतील ते अँटिबायोटिक आणि बेताची प्रथिनं, त्यातही मांसापेक्षा दुधातली आणि सोयाबीनमधली. ऑपरेशन यशस्वी झालं की रक्त मिळू लागलेलं यकृत आकारानं वाढतं. काही थोड्या कुत्र्यांना ऑपरेशननंतरच्या दिवसांत झटके येतात आणि ते जिवावर बेतू शकतात, हेही डॉक्टरांनी आधी सांगायला हवं आणि मालकानं ऐकून घ्यायला हवं.

हृदयाजवळच्या दोन चुका

पोटातली ही चूक एकटी नाही. गर्भात फुप्फुसं काम करत नसतात, म्हणून फुप्फुस धमनीतलं रक्त थेट महाधमनीत नेणारी डक्टस आर्टेरिओसस नावाची दुसरी एक आडवाट असते. पहिल्या श्वासांबरोबर रक्तातला प्राणवायू वाढतो, तिच्या भिंतीतले स्नायू आवळतात आणि ती काही दिवसांत बंद होते. पूडल कुत्र्यांत ती उघडी राहण्याचं प्रमाण जास्त का, याचा अभ्यास अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झाला. हा दोष आनुवंशिक असल्याचं आणि वाहिनीच्या भिंतीत आवळणारे स्नायूच अपुरे असल्याचं तिथे दिसून आलं. अशा पिल्लाच्या डाव्या बगलेत तळहात ठेवला तर मांजराच्या गुरगुरण्यासारखी थरथर जाणवते. इको तपासणीत उलट्या दिशेनं वाहणारा झोत रंगांत दिसतो. 1938 साली बोस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी एका सात वर्षांच्या मुलीची ही वाहिनी बांधून दाखवली. आज कुत्र्यांत मांडीच्या धमनीतून निटिनॉलच्या तारेची जाळी नेऊन छातीला छेद न देता ती बुजवता येते. वेळीच केलं तर कुत्रं पुढे जवळपास इतरांसारखं जगतं.

दुसरी चूक बाजू बदलण्याची आहे. गर्भात हृदयाजवळ धमन्यांच्या कमानी जोडीजोडीनं येतात. सस्तन प्राण्यांत चौथ्या जोडीतली डावी टिकून महाधमनीची कमान होते, पक्ष्यांत उजवी. तारेवर बसलेल्या कावळ्याला जे नियमानं मिळतं ते कधी एखाद्या जर्मन शेफर्डच्या पिल्लात चुकून होतं आणि उजवी कमान टिकते. मग अन्ननलिका एका कड्यात सापडते. एका बाजूला महाधमनी, खाली हृदय, आणि डावीकडून आवळणारा एक तंतू. हा तंतू म्हणजे वेळेवर, अगदी शिस्तीत बंद झालेल्या डक्टस आर्टेरिओससचाच अवशेष. जकात बंद झाली तरी मुलुंड चेक नाक्याचं नाव राहिलं, तसा. आईच्या दुधावर हे पिल्लू बरं असतं. घट्ट खाणं सुरू झालं की खाल्लेलं न पचताच बाहेर येतं, आणि भुकेलं पिल्लू पुन्हा खायला धावतं. बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेत हृदयाच्या अलीकडे अन्ननलिका पिशवीसारखी फुगलेली दिसते, सीटीत ते कडं नेमकं दिसतं. उपाय म्हणजे तंतू कापणं, आणि तेही अन्ननलिका कायमची सैल पडण्याआधी.

तिन्ही दुखण्यांत कुठलीही वाहिनी सडलेली नाही, फाटलेली नाही, की गाठीनं भरलेली नाही. एक बंद व्हायची राहिली, एक चुकून जोडली गेली, एक भलत्या बाजूला टिकली. म्हणूनच औषधापेक्षा नकाशा इथे जास्त उपयोगी पडतो, आणि नकाशा वेळेवर काढला तर बहुधा एक गाठ, एक कडी किंवा कात्रीचा एक छेद पुरतो. अशा कुत्र्यांची पैदास करू नये, हा उपाय तर त्याहून स्वस्त आहे.

मालकाच्या हातात एक सोपं काम राहतं. पिल्लू कधी गुंगतं, त्याआधी किती वेळापूर्वी आणि काय खाल्लं होतं, ते वहीत टिपायचं आणि मोबाइलवर त्याचं चित्रण करून ठेवायचं. दवाखान्याच्या टेबलावर ही पिल्लं बहुधा अगदी शहाण्यासारखी उभी असतात. एकच्या आठव्या कुत्र्याकडे तो पळून जाण्याआधी कुणी जेवणानंतर दोन तास नीट पाहिलं असतं, तर वैद्यकाची सोळा वर्षं वाचली असती.